तळाचे ठिपके

मंगळवार, ४ फेब्रुवारी

यंत्रं आली. दोन्ही. हमाल जिन्यात मध्येच टेकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, यात आहे काय? हत्तीचं पिल्लू?" वरून वन्सं ओरडल्या, "हळू हो, हळू! त्याला धक्का चालत नाही." जणू बाळंतीणच घरी येत होती.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. शाळेत चित्रकला शिकवायच्या, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात आणि त्यांना स्वस्थ बसवत नाही. मी शिवणकाम गेल्या वर्षी सोडलं, कारण हल्लीच्या सुयांना नेढी म्हणून धड नसतात. तर अशा आम्ही दोघी रिकामटेकड्या. टी-शर्टवर लोकांना हवं ते लिहून द्यायचं, असं वन्संच्या डोक्यातून निघालं. ह्यांनी पुढच्या खोलीतला आपला पेपर वाचायचा कोपरा सोडून दिला. एवढंच म्हणाले, "मला कुठे बसायचं ते नंतर कळवा."

एक यंत्र कटर. दिसतं छपाईच्या यंत्रासारखं, पण शाईच्या जागी बारीक पातं आहे. दुसरं प्रेस. जड झाकण, खाली गादी, तापली की जबडा मिटायचा. मी तिचं नाव मगर ठेवलं.

वन्संनी बजावलंय की तापमान, वेळ, काय बिघडलं, सगळं लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. पण मला नुसतं तापमान लिहिता येत नाही, हे एवढ्यातच कळून चुकलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

झालं! आज झालं!

आधीचे दोन दिवस नुसता पोरखेळ चालला होता. रंगीत रबरासारखा एक कागद असतो, त्याला व्हिनाइल म्हणतात. पातं वरचा रंग कापतं, खालचं पारदर्शक प्लास्टिक तसंच ठेवतं. मग अक्षराच्या आजूबाजूचा नको तो रंग चिमट्याने सोलून काढायचा. वन्सं त्याला काहीतरी इंग्रजी म्हणतात. मी निवडणं म्हणते. धान्य निवडतो तसंच आहे ते, फक्त इथे खडा टाकायचा नसून दाणा राखायचा.

पहिल्यांदा "चालू द्या" असं कापलं, तर पात्याने प्रत्येक काना, प्रत्येक उकार वेगळा कापला. जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात तिथे तुकडे. शिरोरेषेचा नुसता भुगा. वन्संनी कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं एकत्र वितळवून एकजीव केली, तेव्हा ती अखंड कापली गेली. दुसऱ्यांदा आम्ही ती उलटी करायला विसरलो. कागद कापडावर पालथा पडतो ना, म्हणून सगळं आरशातल्यासारखं कापायला लागतं. ह्यांनी तो शर्ट घातला, आरशापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मला तर नीट वाचता येतंय."

आज तिसरा. मगरीचा जबडा मिटला, आम्ही दोघी श्वास धरून उभ्या. उघडला. वन्संनी प्लास्टिक हळूच ओढलं आणि अक्षरं कापडावरच राहिली. चिकटवल्यासारखी नाहीत हो. जणू कापड विणतानाच ती त्यात होती, आम्ही फक्त वरची साल काढली. इतकी वर्षं मी कापडाशी झटले, सुईने, दोऱ्याने, पण असं काही पाहिलं नव्हतं. मी त्या "द्या"वरून हात फिरवत राहिले. गरम होता अजून.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कामं येतायत. सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मंडळाने "हळू पण रोज" असं लिहून घेतलं. नळदुरुस्तीवाल्याला पाठीवर हवं होतं: "गळतंय? मला सांगा." एका आजोबांनी नव्या नातवंडासाठी एवढासा शर्ट करून घेतला, तळहातावर मावेल असा, आणि तो मगरीत ठेवताना माझाच जीव खालीवर झाला.

तक्रारीही लिहून ठेवते. पुढच्या खोलीतली ट्यूब बदलायला हवी, उजेड मेलेला आहे. व्हिनाइलचा नवीन गठ्ठा चांगला नाही, खालच्या कडेला सोलायचं राहिलेलं लक्षात येत नाही आणि मग वन्सं बोलतात, "अगं, हा बघ तुकडा राहिला!" पेपरवाले ओळी कशा छापतात कोण जाणे, एक संपली की खालची सापडतच नाही. आणि ह्यांना नवीन खोड लागलीय. मी जिथे जिथे जाणार तिथलं स्टूल, बादली, चपला, सगळं गुपचूप बाजूला सरकवून ठेवतात. कालच म्हटलं, "निवृत्तीनंतर घर आवरायचं वेड लागलं का?" तर नुसते हसले.

सोमवार, ३ मार्च

आज जिन्यावर टकटक ऐकू आली. दार उघडलं तर पांढरी काठी हातात घेतलेली एक बाई, माझ्याच वयाची, आणि तिच्यामागे धापा टाकणारी एक चळवळी, शिडशिडीत बाई.

"ही माझी घाई," काठीवाली बाई म्हणाली. "हिला दोन-दोन पायऱ्या चढायची सवय. मी मात्र एकेक मोजत येते."

बाई इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहेत. जन्मापासून दिसत नाही. त्यांचा एक गट आहे, नाव 'तोल'. दर रविवारी सकाळी दोन सीटच्या सायकली चालवतात. पुढे बघणारी व्यक्ती बसते, तिला त्या कॅप्टन म्हणतात, आणि मागे न बघणारी. दोघींनी पायडल मारायचं.

"अडचण अशी आहे ताई," ऑपरेटरबाई म्हणाल्या, "की मैदानात सगळे कॅप्टन रांगेत सायकली धरून उभे असतात. मग कुणीतरी आम्हाला हाताला धरून नेतं आणि आपापल्या सायकलीपाशी ठेवतं. सामान ठेवतात ना, तसं. आम्हाला आपापलं माणूस आपण शोधायचंय."

त्यासाठी प्रत्येक कॅप्टनच्या पाठीवर ब्रेलमध्ये नाव हवं होतं. खरं नाव नको, मागे बसणारीने ठेवलेलं. त्यांची घाई. दुसऱ्या कुणाची शिट्टी, कुणाची ब्रेक, कुणाची गप्पिष्ट. एका कॅप्टनचं नाव "अजून किती". वन्सं आणि मी पोट धरून हसलो. खालच्या ओळीत गटाचं नाव: तोल. एप्रिलमध्ये त्या तलावापर्यंत जाणार आहेत, पहिलीच लांबची फेरी. तोपर्यंत शर्ट हवेत.

मी आमचा एक छापलेला शर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवली. "गुळगुळीत आहे. इथे काहीतरी लिहिलंय हे कळतं. काय लिहिलंय ते नाही कळत."

जमेल का विचारलं, तर वन्संच्या आधी मीच "हो" म्हणून बसले. कसं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

रविवार, ९ मार्च

माल विकणाऱ्याकडे चौकशी केली, तर म्हणाला फुगणारं व्हिनाइल मिळतं. आणलं. आधी इतर व्हिनाइलसारखंच दिसतं, किंचित जाड. पण मगरीत घातलं की उष्णतेने वर येतं.

ठिपके कापायला महाकठीण. लहान केले तर सालीबरोबर उडून जातात, मोठे केले तर एकमेकांना चिकटतात. वन्संनी माप वाढवत वाढवत नेलं. माझे हात अजून शिवणकामाचे आहेत म्हणून निभावलं.

जबडा उघडला. बघते तर ठिपके उभे राहिलेले. कापडाच्या अंगावर काटा आला होता! दुसरा शब्द नाही. आपल्याला काही ऐकून, काही आठवून काटा येतो तसा त्या निर्जीव सुताला आला होता. वन्सं ठिपक्यांवरून तळहात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आयुष्यभर मुलांना सांगत आले, चित्र लांबून बघा. हे तर जवळ जाऊनही बघायचं नाही."

मंगळवार, ११ मार्च

ऑपरेटरबाई कामावरून परस्पर आल्या. आम्ही नमुना पुढे केला, 'तोल' लिहिलेला. त्यांनी दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी एकदा वाचलं, परत वाचलं, भुवया वर केल्या आणि मग खो खो हसायला लागल्या.

"काय लिहिलंय?" वन्संनी घाबरून विचारलं.

"काहीच नाही. कुठल्याच भाषेत काही नाही. तुम्ही हे आरशातलं लिहिलंय."

मी कपाळावर हात मारला. अक्षर उलटं राहिलं तर डोळ्याला खटकतं, पण ठिपके आम्हाला उलटसुलट सारखेच. बाई मात्र मजेत होत्या. सांगायला लागल्या, त्यांच्या लहानपणी त्या ब्रेलच्या पाटीवर टोच्याने लिहायच्या तेव्हा कागदाच्या मागून टोचायला लागायचं. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. कागद पालटला की सुलट. "म्हणजे तुमचं यंत्र आणि मी एकाच शाळेतली," म्हणाल्या.

मग वन्संनी तिथेच उलटं करून कापलं, मी निवडलं, मगरीने फुगवलं आणि कापड कोमट असतानाच बाईंनी वाचलं. एकच घास घ्यावा तसं. "तोल." बास. त्या म्हणाल्या आणि मला भरूनच आलं. माझ्या हाताखालून गेलेले ते ठिपके मला एक शब्दही सांगत नव्हते, आणि त्या बोटांशी ते सरळ बोलले.

मला शिकवाल का विचारलं. सहा ठिपक्यांचं घर असतं. दोन उभ्या रांगा, तीन-तीन ठिपके. कोणते आहेत आणि कोणते नाहीत, त्यावर अक्षर. डोळे मिटून बोट ठेवलं, तर मला नुसता खरखरीतपणा कळला.

"दाबताय कशाला एवढं? लोणी लावल्यासारखं बोट फिरवा."

लोणी लावलं. तरी काही नाही. पण जाताना म्हणाल्या, "सवय लागेल." मला कशाला सवय लागायला हवी ते मी विचारलं नाही.

रविवार, १६ मार्च

सगळे शर्ट तयार. पाठ मोडून गेली. वन्संनी मांडणी केली, कापलं. निवडणं आणि प्रेस माझं. वन्सं म्हणाल्या, एकदा तपासू का? मी म्हटलं, "माझं काम मी तपासलंय." ते जरा जास्तच तोऱ्यात म्हटलं असेन.

दुपारी चहा ओतताना अर्धा बशीबाहेर गेला. ही नवी किटली गचाळ आहे.

मंगळवार, १८ मार्च

आजचं आजच लिहून टाकते.

ऑपरेटरबाई शर्ट न्यायला आल्या. एकट्याच. वन्सं बँकेत गेल्या होत्या. मी चहा ठेवला, बाई एकेक शर्ट मांडीवर घेऊन वाचत गेल्या. वरची ओळ वाचायच्या, हसायच्या, "शिट्टी, बरोबर." खालच्या ओळीवर बोट गेलं की थांबायच्या. मग शर्ट डावीकडे ठेवायच्या. काही उजवीकडे. डावीकडचा ढीग वाढत गेला.

"ताई, थोडी गडबड झालीय," म्हणाल्या. "हा शर्ट म्हणतो 'तेल'. हा म्हणतो 'तोब'. हा 'जोल'. ठिपका गळला की अक्षर बदलतं. 'ओ'चा तळाचा ठिपका गेला की 'ए' होतो. आमचा तोल गेला आणि तेल झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, व्हिनाइल खराब आहे, ठिपके सालीबरोबर निघून येतात. परत करून देते.

त्यांनी डावीकडचा ढीग पुन्हा मांडीवर घेतला, पुन्हा एकेक चाचपला. मग सावकाश म्हणाल्या, "वरची ओळ एकाही शर्टावर चुकलेली नाही. सगळ्या चुका खालच्या ओळीत, त्यातही तळाच्या ठिपक्यांत. व्हिनाइल खराब असतं तर वरही गळले असते ना?"

मी उजवीकडच्या शर्टांच्या घड्या घालायला लागले.

"मघाशी तुम्ही ट्रे आणलात तेव्हा कप टेबलाच्या कडेवर आपटले. त्याआधी स्टुलाला पाय लागला. मागच्या वेळीही लागला होता. ताई, डोळे कधी तपासलेत?"

मला हसूच आलं. मी चष्म्याशिवाय लांबची पाटी वाचते, असं सांगितलं.

"माझी आई पण वाचायची," त्या म्हणाल्या. "माझं जन्मापासून आहे, तिचं नाही. ती घरातल्या स्टुलांना शिव्या द्यायची. पायऱ्यांना शिव्या द्यायची. आम्ही सगळे हसायचो. समोरचं शेवटपर्यंत नीट दिसत होतं तिला, म्हणून कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही. नेलं तेव्हा उशीर झाला होता."

मी म्हटलं, "शर्ट शनिवारपर्यंत मिळतील." त्यांनी काठी उचलली. दारात म्हणाल्या, "शर्टांचं नंतर बघू. आधी ते."

बुधवार, १९ मार्च

जन्मात उजेड न पाहिलेली बाई मला डोळे तपासायला सांगते. इथे तरी खरं लिहावं म्हणून लिहिते: मला तिचा राग आलाय. तिला काय माहीत दिसणं म्हणजे काय? मला खिडकी दिसते, समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसतात, त्यातल्या टॉवेलची उसवलेली शिवणसुद्धा दिसते. हे लिहितेय ते दिसतंय.

गुरुवार, २० मार्च

आज जिन्याची शेवटची पायरी हुकली. लागलं फारसं नाही. ह्यांनी येऊन उठवलं, पायऱ्यांवरच बसवलं, गुडघा पुसला.

मी विचारलं, "अहो, तुम्ही ती स्टुलं का सरकवता?"

ह्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "तू आपटतेस म्हणून."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू चिडली असतीस. स्टूल चिडत नाही."

मला हसायला आलं आणि त्यातच रडायला. तिथेच बसून राहिलो दोघं. खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघून गेल्या. काय समजल्या असतील त्या समजोत.

सोमवार, २४ मार्च

आज जे पाहिलं, म्हणजे जे पाहिलं नाही, ते नीट लिहायचंय.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी अक्षरं वाचून घेतली. शेवटची ओळसुद्धा मी घडाघडा वाचली आणि वन्संकडे विजयाने बघितलं. मग थेंब, यंत्र, दिवा. मग त्या म्हणाल्या, एक तपासणी करू.

अंधाऱ्या खोलीत एक पांढरं घमेलं. म्हणजे घमेल्यासारखं, आतून गुळगुळीत, आडवं ठेवलेलं. हनुवटी टेकवून आत बघायचं. मध्ये एक पिवळा ठिपका, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. सुरू झालं. एक चांदणी वर उजवीकडे, दाबलं. एक डावीकडे, पुसट, दाबलं. इतकं सुंदर होतं ते! अंगणात उताणं पडून आभाळ बघावं तसं, आणि एकेक चांदणी माझ्याचसाठी लागत होती. भीती कुठल्या कुठे गेली.

मध्येमध्ये यंत्र थांबायचं. काहीच लागायचं नाही. मी वाट बघत राहायचे. मग पुन्हा वर एखादी. पुन्हा थांबायचं. मला वाटलं जुनं यंत्र असेल, दम खात असेल.

बाहेर आल्यावर मी तपासणी करणाऱ्या मुलीला म्हटलंसुद्धा, "तुमचं यंत्र मध्येच अडकतं हो."

ती म्हणाली, "नाही काकू. ते एकदाही थांबलं नाही."

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. खुर्चीवर बसले आणि मग उमगलं. चांदण्या लागत होत्या. सगळा वेळ लागत होत्या. मी उघड्या डोळ्यांनी त्यांच्यासमोर बसून वाट बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. प्रत्येक डोळ्याचा एक गोल. वरचा भाग पांढरा, खालचा करडा, कुठे कुठे काळाभोर. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त.

"पण मला काळं काहीच दिसत नाही," मी म्हटलं. "खाली बघितलं की फरशी दिसते. अख्खी दिसते."

"तसंच वाटतं," त्या म्हणाल्या. "जिथलं दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून घेतो आणि भोक बुजवतो. रफू करतो म्हणा ना."

हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी जन्मभर रफू केलं. लोकांचे जळके कोट, फाटके खिसे. चांगलं रफू म्हणजे टाका दिसता कामा नये. माझ्याच डोक्यात कुणीतरी बसून इतकं अप्रतिम रफू करत होतं की मला, मला, कापड फाटलंय हेच कळलं नाही. घाबरायला हवं होतं. घाबरलेही. पण खोटं का लिहू, त्या क्षणी मला त्या कारागिराला नमस्कार करावासा वाटला.

"परत येईल का?"

"गेलेलं परत येत नाही. रोज न चुकता थेंब घातलेत, तपासणीला येत राहिलात, तर राहिलेलं टिकवायचा प्रयत्न करू. पुष्कळांचं टिकतं. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"एका गिऱ्हाइकाने," मी म्हटलं.

वन्सं घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता म्हणाल्या, "आणि मी तुला तुकडे राहिले म्हणून बोलत होते." आणि तोंडाला पदर लावला. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

बुधवार, २६ मार्च

ऑपरेटरबाईंना फोन केला. "इस्पितळ, बोला," असा इतका ठाम आवाज आला की मी ठेवूनच देणार होते.

सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "थेंब सुरू झाले?" मी हो म्हटलं. त्यांनी मोठा श्वास सोडला, तो तारेवरून मला स्पष्ट ऐकू आला. माझ्यावर इतका राग धरता येण्यासारखं वागले होते मी, तरी.

"शर्ट दुसरीकडे देऊ का?" त्यांनी विचारलं. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला आराम हवा असेल तर."

"खबरदार," मी म्हटलं.

रविवार, ३० मार्च

निवडणं वन्सं करणार म्हणून अडून बसल्या. मी म्हटलं, तुमच्या हातून ठिपका टिकणार नाही. त्यांनी हट्टाने एक शीट घेतलं आणि शिट्टीची निम्मी शिट्टी सालीबरोबर गेली. मग चिमटा माझ्या पुढ्यात ठेवला.

मी विचार करत बसले. तळ दिसत नाही, तर तळ कशाला ठेवायचा? वरून अर्धं निवडलं, शीट गर्रकन फिरवलं, तळ वर आला. उरलेलं निवडलं. इतकं सोपं! प्रेस झाल्यावर डोळे मिटले आणि बोटाने मोजत गेले. लोणी लावल्यासारखं. पहिले काही शर्ट नुसता गोंधळ. मग कधीतरी, कुठल्या शर्टावर ते सांगता येणार नाही, बोटाखाली ठिपके सुटे झाले. दाट गर्दीत ओळखीचा चेहरा वेगळा व्हावा तसे. वर एक, मध्ये एक, तळाशी एक. ल. मी ओरडलेच. "वन्सं, ल! ल आला मला!"

हे पेपर टाकून आत आले. त्यांना वाटलं, भाजलं.

शनिवार, ५ एप्रिल

ऑपरेटरबाई आणि घाई येऊन शर्ट घेऊन गेल्या. सगळे एकाच ढिगात, उजवीकडे. एकही तेल नाही.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी आम्ही तिघंही मैदानावर गेलो. हे पुढे चालत होते आणि दगड आला की "दगड" म्हणत होते. आता गुपचूप नाही, मोठ्याने.

कॅप्टन रांगेत उभे होते, सायकली धरून, आमच्याकडे पाठ करून. पाठीवर आमचे ठिपके. आवाजावरून ओळखू येऊ नये म्हणून कुणीही बोलत नव्हतं, गप्पिष्टसुद्धा नाही. मैदानाच्या या टोकाकडून बाया निघाल्या. काठ्या पुढे, कुणाचा हात दुसरीच्या खांद्यावर. रांगेपाशी पोचल्या आणि काठ्या काखेत मारून त्यांनी हात वर केले.

अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एवढी माणसं आणि फक्त कापडावरून फिरणाऱ्या बोटांची बारीक खसखस. एक हात पाठीवर टेकायचा, वाचायचा, नाही म्हणून पुढे सरकायचा. पुढच्या पाठीवर थांबायचा, पुन्हा वाचायचा. मग चेहरा उजळायचा. "ब्रेक!" कुणीतरी ओरडलं आणि तो कॅप्टन वळून तिला मिठीच मारता झाला. "शिट्टी, सापडलीस!" "अजून किती? तूच ना?" एका अगदी म्हाताऱ्या बाईंना आपला कॅप्टन सापडला तरी त्या वाचतच राहिल्या, पुन्हा पुन्हा, त्याच्या पाठीवर गाल टेकून. तो तरणाताठा माणूस खाली मान घालून उभा राहिला आणि डोळे पुसत राहिला.

वन्संनी माझा दंड इतका आवळला होता की अजून दुखतोय.

सायकली गेल्या. तलावाहून परत यायला ऊन वर आलं. सगळ्या घामाघूम, लाल, ओरडत, एकमेकींना चिडवत. ऑपरेटरबाई उतरल्या, हेल्मेट काढलं आणि आवाजावरून बरोब्बर माझ्यासमोर आल्या.

"ताई, तुम्ही बसा आता. मैदानाला एक चक्कर. घाई, यांना जरा हळू ने."

मी नको नको म्हणत होते. या वयात, साडीचा घोळ, लोक बघतायत. ह्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावून दिला. वन्संनी घोळ खोचून दिला. मागच्या सीटवर चढले, दांडा घट्ट धरला. घाई म्हणाली, "तुम्ही फक्त पाय मारा. खाली काय आहे ते माझं काम."

सुरुवातीला सायकल डगमगली, मग सरळ झाली. खाली दगड होते, खड्डे होते, असतील. मला बघायचे नव्हते. मी मान वर केली. वरचं सगळं होतं. झाडांचे शेंडे होते, विजेच्या तारा होत्या, त्यांवर बसलेले पक्षी एकेक करून वेगळे दिसत होते, आणि त्याच्याही वर आभाळ, कुठेही रफू नसलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वारा तोंडावर येत होता. घाई विचारत होती, थांबू का, थांबू का.

मी म्हटलं, अजून एक चक्कर.